ख्रिसमसची कोप

“पेंढ्या पाच,” अप्पांनी शाळेच्या डायरीतून वाचलं. “कडब्याच्या.”

वर्षाराणीनं पोळपाटावरून मान वर केली नाही. पहिलीतल्या लेकीची, पुनमची, शाळा इंग्रजी, वर्षाराणीचं शिक्षण मराठीत. म्हणून रोजची डायरी वाचायचं काम सासऱ्यांकडं, सिद्धलिंग अप्पांकडं होतं. पोस्टातून रिटायर झाल्यावर लातूरच्या या फ्लॅटमध्ये त्यांना तेवढं एकच पद उरलं होतं.

ख्रिसमसचा क्राफ्ट होता. येशू गोठ्यात जन्मला, तेव्हा गोठा करायचा. औशाच्या शेतात करायचा. आई-वडील दोघं हजर पाहिजेत. शुक्रवारीच.

“शुक्रवारी येळवस हाय ना, अप्पा?”

“हाव का?” अप्पांनी कॅलेंडरकडं पाहिलं. “असंल.”

येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात कडब्याची कोप, छोटं खोपटं, घालायची, पाच दगडी पांडव पुजायचे, सगळ्यांनी मिळून जेवायचं. अप्पांची बायको शिवम्मा गेल्यापासून तीन वर्षं कुणी गेलं नव्हतं. यंदाही अप्पांनी नांदेडला मुलाला, सोमेशला, फोन करून पाहिला होता. सुट्टी न्हाई, म्हणाला. मग अप्पांनी विषय काढला नाही.

यादी लांबत गेली. दगड पाच, चुना लावून. हे दूरदेशीचे राजे. वर्षाराणीनं टीव्हीवर तीनच पाहिले होते.

“ते स्टेट बोर्डाचे,” अप्पा म्हणाले. “सीबीएसईला पाच.”

पुढं अंबील होती, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी होती, बाजरीचे उंडे होते. येशूला बाजरी चालती का, तिनं विचारलं. थंडीतला जन्म, बाजरी उष्ण, असं अप्पांनी ओळीवर बोट ठेवून सांगितलं.

तिनं सोमेशला फोन लावला. बापाच्या येळवशीला नसलेली सुट्टी पोरीच्या मार्कांसाठी दहा मिनिटांत निघाली.

शुक्रवारी कोप उभी राहिली. पुनमनं राजांना चुना फासला, उरलेला अप्पांना. सोमेशला सुंभाची गाठ येईना. मग एकदम आली, आईनं शिकवलेली, आणि तो बराच वेळ त्या गाठीकडंच बघत बसला. अंबील शिवम्माच्या हाताची न्हाई, असं म्हणत अप्पा तीन वाट्या प्याले.

कोपीभोवती अंबील शिंपडत फिरताना सोमेशनं एकदाच विचारलं, ख्रिश्चन लोकांत बी असंच अस्तंय का.

“मिसला विचार,” अप्पा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

सोमवारी त्यांना जेवण गेलं नाही. क्राफ्ट द्यायला शाळेत मी जातो, म्हणाले. वर्षाराणीच गेली.

वर्गात थर्माकोलची चर्च होती, लायटिंगची झाडं होती, एका बापानं तर सांताची खरीखुरी घसरगाडी आणली होती. वर्षाराणीनं पर्समधून यादी वाचली त्याच मंगळवारी पुनमला विचारून तिच्याकडून करून घेतलेली कागदाची चांदणी काढून दिली.

“थँक यू, ताई,” मिस म्हणाल्या. “डायरीत लिहिलं तेवढंच आणणाऱ्या तुम्ही एकट्याच.”