बाळ आईच्या हातात

"मुलगा की मुलगी?"

आउनेने बूट काढायच्या आधीच पिर्कोने विचारलं. आई सुईण. ती कामावरून आली की सहा वर्षांच्या पिर्कोचा पहिला प्रश्न हाच असायचा.

"मुलगी."

"कुणासारखी दिसते?"

आउनेने कोट खुंटीला लावला. कॉफी ओतून घेतली, पण प्यायली नाही. लेकीशी खोटं बोलणं तिच्या जिवावर आलं.

"जन्मली तेव्हाच गेलेली होती गं ती."

राय धान्याच्या पावावर लोणी लावता लावता पिर्कोचा हात थांबला. "मग तिची आई काय म्हणाली?"

"तिला नाही दाखवली. गुंडाळून लगेच बाहेर न्यायची असते. पाहिलंच नाही तर लवकर विसरतं माणूस, असं डॉक्टर म्हणतात."

उत्तर फिनलंडातल्या त्या छोट्या दवाखान्यात तेव्हा तशीच रीत होती, आणि आउने ती इतकी वर्षं मुकाट्याने पाळत आली होती. बाळंतिणीला झोपेचं औषध द्यायचं नि दोन दिवसांत घरी धाडायचं. आजची हेल्वी मात्र औषध देऊनही झोपली नव्हती. भिंतीकडे तोंड करून नुसती पडून होती.

"पण आई," पिर्को म्हणाली, "तुझं काम तर बाळ आईच्या हातात द्यायचं असतं ना?"

आउनेने कॉफीचा कप तसाच बाजूला सारला. मग तिने कोट पुन्हा अंगावर चढवला.

दवाखान्याच्या टोकाच्या थंड खोलीतून तिने ते गाठोडं उचललं. वाटेत नर्स आडवी आली.

"डॉक्टरांना कळलं तर?"

"कळू दे."

गाठोडं पाहताच हेल्वीने हात पुढे केले. चेहऱ्यावरचं कापड हळूच बाजूला केलं. भुवईवरून बोट फिरवलं. "जिवणी माझ्या आईची आहे," ती म्हणाली, आणि मग दिवसभरात पहिल्यांदा रडली. पुष्कळ वेळ रडली.

"बरं झालं आणलीत," शेवटी डोळे पुसत ती म्हणाली. "मला वाटलं, काहीतरी भयंकर असणार, म्हणूनच दाखवत नाहीत. सगळ्यांनाच देता ना असं?"

आउने पलंगाच्या कडेवर टेकली. भिंतीकडे तोंड करून पडलेली एकेक बाई तिला आठवत गेली.

"नाही," ती म्हणाली. "तू पहिलीच."