पहिलं दार

"सत्या, तीर्थ वाटूक भायर पडलंस काय एकय दार चुकवू नको. आणि ज्या दारात जावक पाय जड होतत, त्या दारात पयली जा."

सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली, तरी सोमवारी पंचपात्री हातात घेतली की सत्यवतीला हे शब्द ऐकू येत. शेवटच्या दुखण्यात त्यांचा हात हातात घेऊन तिनं "होय" म्हटलं होतं. पाळलं मात्र अर्धंच. अकरा घरांपैकी दार एकही चुकवलं नव्हतं. पण अंगणाच्या बेड्यातून, आडव्या बांबूंच्या फाटकातून, बाहेर पडली की ती उजवीकडे वळायची आणि डावीकडचं, दगडी गडग्याला लागून असलेलं शेजारच्या आनंदीचं घर शेवटी घ्यायची. फणसाच्या एका फांदीवरून दोन्ही घरांचं सात वर्षं बोलणं नव्हतं. ओट्यावर वाटी ठेवायची, मागे फिरायचं.

यंदा श्रावणात ते बदललं. आनंदीच्या सुनेला, दीपिकाला, पुन्हा दिवस गेले. आधी दोनदा गर्भ टिकला नव्हता. सत्यवतीनं कोणाला न सांगता तिच्यासाठी सोळा सोमवार धरले. वाडीत न सांगितलेलंच आधी कळतं. पुढच्या सोमवारी आनंदी दारात उभी होती. "भायरच काय उभी ऱ्हवतंस? बस मगे. आणि माझ्या सुनेक दोन पळये घाल गो."

तेव्हापासून तिचं घर शेवटी घ्यायचं कारण वेगळं झालं. शेवटी गेलं की निवांत बसता यायचं.

आज चौदावा सोमवार. देवापुढे निरसं दूध काढून ठेवलेलं, मध-साखर तयार, आणि घरापुढच्या खळ्यात गुरांच्या डॉक्टर नम्रता कागद घेऊन उभ्या. दसऱ्याला त्यांच्या गाईनं, चांदीनं, सहाव्या महिन्यात गाभ टाकला होता. तिच्या रक्ताचा रिपोर्ट आला होता.

"ब्रुसेला आहे, काकी. गाईंचा गाभ पाडणारा रोग. माणसालाही होतो. मेलेलं वासरू, वार कोणी उचलली?"

"ह्यांनी."

तिचे यजमान भाई ओटीवर चादर गुंडाळून बसले होते. दिवाळीपासून संध्याकाळ झाली की ताप, पहाटे घाम, सांधे धरलेले. मलेरियाची तपासणी दोनदा झाली, दोनदा काही निघालं नाही.

"तुझे सोळा सोमवार, आणि ताप माका," ते रोज म्हणायचे. आज म्हणाले नाहीत.

"भाईंचं रक्त आजच तपासायला द्या. आणि हे दूध न उकळता कोणी पीत नाही ना?"

"नाय, डॉक्टर. आमच्याकडे चाय खळखळून..."

बोलता बोलता तिची नजर देवघराकडे गेली. आटत आलेली चांदी पेलाभरच दूध द्यायची. तो पेला देवाचा. देवाचं दूध उकळायचं नाही, ही या घरची रीत. त्याचंच पंचामृत, तेच तीर्थ.

"अकरा घरां," ती हळू म्हणाली. "एक बाय गरवार आसा. पाचवो म्हयनो. तिका दोन पळये दितंय मी."

डॉक्टर नम्रता ओट्यावर टेकल्या. "घाबरू नका. लागण झालीच असेल असं नाही, आणि झाली असली तरी औषध आहे. पण तिच्या दिवसांत हा रोग अंगात राहू देणं बरं नाही. तिला आजच दवाखान्यात जायला सांगा. बाकीच्यांनाही." त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, चांदीला वेगळं बांधायला सांगितलं आणि गाडी सुरू केली.

सत्यवती गोठ्यात गेली. चांदीनं सवयीनं मान पुढे केली. सत्यवतीनं लांबूनच तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. "तुका काय ठावक गो," म्हणाली.

परत आली तेव्हा भाईंनी चिठ्ठी घडी करून उशीखाली सरकवली होती.

"कोणाक सांगू नको. आनंदी सात वर्षांनी बोलूक लागली, आता जल्मात तोंड बघूची नाय. उद्यापासून उकळून दी, झाला."

"आणि गेले तेरा सोमवार?"

तिनं हात पुढे केला. भाईंनी उशीखालून चिठ्ठी काढून दिली.

"सांगतलंसच तर गायीच्या नावान सांग. तुझ्या नको."

"चांदीन काय केल्यान? माझ्या हातान दिलंय. माझ्याच नावान सांगतलंय."

तिनं पेल्यातलं दूध खळखळून उकळलं आणि माडाच्या मुळात ओतलं. हात साबणानं कोपरापर्यंत धुतले. विहिरीच्या पाण्यानं देवाला अभिषेक घातला, बेल वाहिला, आणि डोळे मिटून रोजच्यापेक्षा थोडा जास्त वेळ बसली. मग रिकामी पंचपात्री पुसली. तिच्यात चिठ्ठी ठेवली. डोक्यावर पदर घेतला.

भाई उठून बेड्यापर्यंत आले. अंगात कणकण होती, तरी बेड्याचा बांबू त्यांनीच बाजूला केला. "मी येव काय?"

"तुम्ही पडून ऱ्हवा. येवन तुमका दवाखान्यात नेतंय."

वाटेवर ती थांबली. उजवीकडे दहा घरं, ओळखीची, सोपी. पाय जड झाले होते.

सत्यवती डावीकडे वळली.

गडग्यापलीकडून आनंदीचा हरखलेला आवाज आला, "दीपिका, वाटी घेवन ये गो. आज पयलो मान आमचो."