बोटभर अंतर

"कोपर लागलं नाही," उगाकी माइकमध्ये म्हणाला. "बोटभर अंतर राहिलं."

क्यूशू बेटावरच्या कोकुरा शहराच्या क्रीडागृहात रविवार दुपारच्या बायकांच्या कुस्तीला एवढी आरडाओरड असते, की शेजारच्याचं शिंकणंही ऐकू येत नाही. पण पहिल्या रांगेतले म्हातारे कुस्ती डोळ्यांनी बघतात आणि कानाला ट्रान्झिस्टर लावून ऐकतातही. समालोचकाने सांगितल्याशिवाय त्यांना फटका पडल्यासारखा वाटत नाही. त्यातला एक म्हातारा उठला आणि रिंगच्या दिशेने ओरडला, "अहो रोकुकोबाई, लागलं नाही म्हणतोय हा."

रिंगमध्ये राक्षसी रोकुको उभी होती. तिच्या पायाशी, जबडा धरून, सगळ्यांची लाडकी हिबारी पडली होती. रोकुकोने मान वळवली. लोक तिचं वजन शंभर किलो सांगतात. त्यात राग धरलेला नसतो.

उगाकीची या खुर्चीतली ही पहिलीच दुपार. इतकी वर्षं तो रेडिओवर पोहण्याच्या शर्यती सांगायचा. कोणाचं नख भिंतीला आधी टेकलं ते अचूक सांगणं, हे त्याचं काम. रिंगशेजारची ही खुर्ची रेडिओ स्टेशनातल्या प्रत्येकाला हवी असते. आधीचा समालोचक महिन्यापूर्वी टेबलाखाली चेंगरला आणि माइक सोडून पाणी मागायला लागला. आता तो सकाळी माशांचे बाजारभाव वाचतो. म्हणून निर्माता सोएजिमाने हेडफोनमधून उगाकीला एकच नियम सांगितला होता. हाड मोडलं तरी चालेल, आवाज थांबला की खुर्ची गेली.

श्रोत्यांना डावपेच समजावून सांगायला शेजारी कुमागाईबाई होत्या. त्या जुन्या पैलवान, डावा कान सुकलेल्या अळंबीसारखा. त्या हळूच म्हणाल्या, "चष्मा काढून ठेव बाळा."

उगाकीने काढला नाही. चष्म्याशिवाय अंतर कसं दिसणार?

"रोकुको दोरांतून बाहेर येत आहे," तो सांगू लागला. "समालोचकाच्या टेबलाकडे येत आहे. टेबल तिने उचललं. टेबल आता समालोचकाच्या पाठीवर आहे. टेबलाचे दोन तुकडे. पाठीचं नंतर कळवू."

तिकडे ओइता शहरात, रेडिओ ऐकता ऐकता, एका न्हाव्याच्या दुकानात वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर तसाच थांबला. त्या गालावर अजून खूण आहे म्हणतात. कागोशिमाच्या समुद्रात एका होडीवाल्याने जाळं ओढायचं सोडून दिलं आणि मासे आपणहून होडीत बघायला आले, असंही सांगतात.

"चष्मा गेला," उगाकी सांगत होता. "बुटाखाली गेला. माइकची वायर समालोचकाच्या गळ्याभोवती. दोन वेढे. आवाज बारीक येत असल्यास श्रोत्यांनी क्षमा करावी."

रोकुकोने त्याला वायरीसकट उभा केला. "ए तळ्यातल्या बेडका," ती म्हणाली, "आता जवळून बघ." आणि कोपर घातलं. उगाकी मागच्या खुर्च्यांची अख्खी रांग घेऊन आडवा झाला.

हेडफोनमधून सोएजिमाचा श्वास तेवढा ऐकू येत होता. रोकुकोने माइक उचलून उगाकीच्या रक्ताळलेल्या तोंडापुढे धरला.

"सांग क्यूशूला. लागलं का?"

उगाकीने जिभेने दात चाचपले.

"लागलं," तो म्हणाला. "पुरतं लागलं, श्रोतेहो. पुढचा एक दात गेला आहे."

क्रीडागृह हसून फुटायचं बाकी राहिलं. माइक त्याच्या छातीवर टाकून रोकुको वळली. इथे उगाकी थांबला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण तो कोपरांवर रेटा देत उठून बसला, माइक तोंडाशी धरला आणि म्हणाला, "मघाचं मात्र लागलं नव्हतं. बोटभर अंतर होतं."

म्हाताऱ्यांनी ट्रान्झिस्टर डोक्यावर धरून आवाज पूर्ण वाढवले. "बाईंना दया आली वाटतं," एकजण म्हणाला. हसू मागच्या रांगांपर्यंत गेलं आणि तिथून आरोळी परत आली. लागलं नाही, लागलं नाही. सगळं क्रीडागृह पाय आपटत तेच म्हणू लागलं.

रोकुको रिंगच्या पायरीशी उभी राहिली. ती उगाकीकडे बराच वेळ बघत होती. मग ती वर चढली. तिने हिबारीला केसांना धरून उठवलं आणि पुन्हा कोपर घातलं, त्याच जागी.

फटक्याचा आवाज कोणी सांगण्याआधीच रेडिओवर गेला.

"लागलं," उगाकी म्हणाला. "आता अंतर नाही. हिबारी खाली. तोंडातून रक्त. हिबारी हलत नाही."

"वा रे पठ्ठ्या," हेडफोनमध्ये सोएजिमा म्हणाला. "खुर्ची तुझी. बोलत राहा."

कुमागाईबाई मोडक्या टेबलावरून वाकल्या. त्यांनी उगाकीच्या माइकवर आपला पंजा ठेवला. रिंगमध्ये राक्षसी रोकुको गुडघ्यांवर बसून हिबारीचं डोकं मांडीवर घेत होती.

"त्या पोरीच्या मोडलेल्या जबड्याची तार परवाच काढलीय," कुमागाईबाई म्हणाल्या. "ते बोटभर अंतर रोकुकोने मुद्दाम ठेवलं होतं."

त्यांनी पंजा उचलला. माइक मोकळा झाला. सोएजिमा आधी बोल म्हणाला, मग बोल ना म्हणाला, मग ओरडायला लागला.

ओइताच्या न्हाव्याला वाटलं, रेडिओ बिघडला. त्याने वस्तरा बाजूला ठेवला आणि रेडिओला एक थप्पड मारली. मग आणखी एक.