हिरवी कमान

शेवंता उईके कधीकाळी परदेशात विकली गेली होती. सुटून आल्यावर, तिला सोडवणाऱ्या संस्थेनेच तिला विमानतळावरच्या कमानीपाशी मदतनीस म्हणून नेमलं. ही कमान माणसाच्या मनातली भीती ओळखायची. जबरदस्तीने नेली जाणारी बाई तिच्याखाली आली, की कमान लाल व्हायची, तिची दारं बंद व्हायची आणि पोलीस त्या बाईला सोडवायचे.

आज रांगेत एका बाईसोबत रेवती नावाची मुलगी होती. तिचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता.

"पार्लरमध्ये नोकरी लागलीय, काकू," ती शेवंताला म्हणाली. "या ताईच नेताहेत. पासपोर्टसुद्धा त्याच सांभाळतात. फार जीव लावतात मला."

शेवंतालाही एका बाईने असाच जीव लावला होता. ती इन्स्पेक्टर दाभाडेबाईंकडे धावली. "मॅडम, तिला अडवा. तिला विकायला नेताहेत!"

तेवढ्यात रेवती हसत कमानीखालून गेली. कमान हिरवी झाली.

"बघितलंत ना, शेवंताताई? हिरवी झाल्यावर मला अडवता येत नाही."

"अहो, तिला अजून काही माहीतच नाही, तर ती घाबरेल कशाला?"

शेवंता जिवाच्या आकांताने रेवतीमागे कमानीखाली धावली. कमान लालभडक झाली आणि दोन्ही बाजूंची काचेची दारं धाडकन बंद झाली.

पलीकडे रेवती त्या बाईचा हात धरून विमानाकडे निघाली होती. शेवंता काचेवर मुठी आपटत राहिली, आणि कमान मायेच्या आवाजात तिला म्हणाली, "घाबरू नका. आता तुम्ही सुरक्षित आहात."