आजोबांचा आवाज

आतून ओढताच दाराची मूठ त्याच्या हातात आली. अक्षरशः हातात, दार जिथल्या तिथे राहिलं. आतला खिळा खाऱ्या हवेने खाऊन टाकला होता. समुद्रावरच्या हवेतले मिठाचे कण कशाकशाचं काय करतात, यावर या शास्त्रज्ञाने आयुष्य घालवलं होतं. मिठाने आपली इतक्या जवळून दखल घ्यावी, अशी मात्र त्याची अपेक्षा नव्हती.

भिंतीवरची नळी मोकळी लोंबत होती. तिच्या जोडाचंही तेच झालं होतं. हवा तपासायच्या यंत्राला लागणारा नायट्रोजन व्हरांड्यातल्या सिलिंडरमधून या नळीने आत यायचा. आता तो थेट खोलीत येत होता. त्याला वास नाही, रंग नाही. गुदमरल्यासारखंही होत नाही; नुसतं डोकं हलकं होतं आणि माणूस आडवा होतो. प्राणवायू कमी झाला की वाजणारी घंटा त्याने सकाळी स्वतःच्याच हाताने बंद केली होती. ऐन परीक्षेत ती वाजली की मुलं गोंधळायची.

मुलं म्हणजे काचेपलीकडचे शिकाऊ डॉक्टर. संस्थेने त्याची अर्धी प्रयोगशाळा काढून त्यांच्या सरावाला दिली होती आणि वर, 'नाहीतरी तुम्ही इथे बसलेलेच असता' म्हणून रबरी रुग्णाला आवाज द्यायचं आणि बटणांनी त्याची नाडी-श्वास चालवायचं सोंगही त्याच्याच गळ्यात मारलं होतं. काचेतून त्याला सगळं दिसे, कानातल्या हेडफोनमधून ऐकूही येई; पलीकडून ती काच म्हणजे आरसा. त्याने तिच्यावर मुठी आपटून पाहिल्या. दुहेरी काच, आवाज जाईना. फोन नियमाप्रमाणे बाहेरच्या कपाटात. उरला माइक. पण माइकवर बोललेलं सगळं पलंगावरच्या रबरी आजोबांच्या तोंडून बाहेर पडायचं.

"परीक्षा थांबवा," तो म्हणाला. "मी अडकलोय. दार उघडा."

"घाबरू नका हं आजोबा," उंच मुलाने रबरी खांद्यावर हात ठेवला. "आम्ही आहोत ना."

"अरे, मी आजोबा नाही! मी काचेमागे आहे. खरंच सांगतोय, हे नाटक नाही."

कोपऱ्यात उभ्या असलेल्या परीक्षक मॅडम गालातल्या गालात हसल्या. मागच्या खेपेला आजोबा 'हे नाटक नाही' म्हणून ओक्साबोक्शी रडले होते आणि दोन मुलं फसली होती. तेव्हा मॅडमनी त्याची पाठ थोपटली होती. तोही चार दिवस खुशीत होता.

"रुग्ण भांबावलाय. जीभ अडखळतेय," उंच मुलगा सोबत्यांना म्हणाला. "प्राणवायू कमी पडतोय. मास्क लावा."

निदान अगदी बरोबर होतं. मास्क रबराच्या तोंडावर बसला.

त्याला हसू आलं, आणि हसू आलं म्हणूनच त्याची पाचावर धारण बसली. हे हसू त्याचं नव्हतं, नायट्रोजनचं होतं. घरी बायकोला सांगायचं राहून गेलेलं काहीबाही आठवायला लागलं. मरायचं नव्हतं त्याला. असं तर मुळीच नाही, काचेतून डॉक्टरांचा घोळका बघत बघत.

बोलण्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे त्याला कळून चुकलं. या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवलेलं असतं: रुग्ण काहीही बोलेल, तुम्ही आकडे बघा. मग आकडेच बोलू देत. त्याने बोटं कशीबशी बटणांवर नेली. नाडी नीट केली. रक्तदाब नीट केला. श्वास नीट केला. पडद्यावर सगळं हिरवंगार झालं, आजोबांची छाती दुपारी जेवून झोपलेल्या माणसासारखी संथ वरखाली होऊ लागली.

"आले ताळ्यावर!" उंच मुलगा ओरडला. बाकीच्यांनी टाळ्या पिटल्या.

संपलं, त्याला वाटलं. त्याने कपाळ टेबलावर टेकलं. माइक ओठांपाशी होता. "पोरी..." एवढंच, तेही तुटत तुटत, त्याच्या तोंडून निघालं.

आजोबांच्या छातीला स्टेथोस्कोपची नळी लावून ऐकणारी बुटकी मुलगी थबकली. तिने पडद्याकडे पाहिलं, पुन्हा छातीवर नळी ठेवली.

"हे तर ठणठणीत आहेत," ती म्हणाली. "मग बोलतंय कोण?"

"आपलं काम कर," उंच मुलगा म्हणाला.

तिने आरशाकडे पाहिलं. आरशात तीच होती. तिने गळ्यातली नळी पलंगावर फेकली आणि दाराकडे धावली.

"रुग्णाला सोडून गेलीस तर नापास!" मॅडम मागून कडाडल्या. त्याच्या कानातल्या हेडफोनमध्ये ते स्पष्ट ऐकू आलं आणि नंतर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

बाहेरून दार सहज उघडलं. तिने त्याला काखांत हात घालून फरफटत व्हरांड्यात आणलं, तिथली खिडकी सताड उघडली. समुद्रावरून वारा आत आला. इतकी वर्षं ही हवा त्याने बाटल्यांत भरली होती, तोलली होती, कणाकणाने मोजली होती. आता तो ती नुसती गिळत होता.

"सर, श्वास घ्या. घेत राहा," ती म्हणत होती. तिच्या पाठोपाठ तिला झापायला आलेल्या मॅडम तोंडावर हात ठेवून भिंतीला टेकल्या.

दार उघडं होतं. आतल्या काचेतून पलंग दिसत होता. परीक्षा थांबवायची ती मॅडमनी, आणि मॅडम इथे होत्या. त्यामुळे पलीकडे कोणीच थांबलं नव्हतं. सगळे आजोबांवर वाकले होते. टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून उंच मुलाचा बारीक, काळजीचा आवाज येत होता.

"आजोबा, गप्प का झालात? बोला ना काहीतरी."