पात्यावरची अक्षरं

हंगाम संपल्यावर साखर कारखान्याच्या बॉयलरचा धूर ओढणारा मोठा पंखा उघडला. फोरमन भूपाल बॅटरी घेऊन आत शिरला. राखेनं घासून घासून पाती पार पातळ झाली होती. एका पात्यावर मात्र काहीतरी उंचवट्यासारखं हाताला लागलं.

त्यानं चिंधीनं काजळी पुसली. अक्षरं होती. हंगामाआधी कुणीतरी कठीण रॉडनं वेल्डिंग करून लिहिलेली, वर ग्राइंडर मारून सपाट केलेली. राखेनं भोवतीचा मऊ पत्रा खाल्ला आणि अक्षरं तेवढी वर आली.

इथला वेल्डर एकच, रायगोंडा. भूपालचा साडू. धाकट्या मेव्हणीच्या लग्नात मानपानावरून दोघांचं वाजलं होतं. तेव्हापासून सगळा हंगाम अबोल्यात गेला. माफी मागितली असेल का यानं? भूपाल भराभरा पुसू लागला.

‘चुक तुमचीच.’

भूपालला हसू आवरेना. तो बाहेर आला. रायगोंडा तोंड फिरवून रॉड निवडत बसला होता.

“पाव्हणं, चूक दीर्घ असती.”

रायगोंडाचा हात थांबला.

“व्हय,” तो म्हणाला. “लई दीर्घ झाली.”