ओढ्यावरचा हॉर्न

भाऊसोंच्या जुन्या मोटारीचा हॉर्न महिनाभर तोंड मिटून बसला होता. कराडच्या गुंडा मिस्त्रीनं बॅटरीपासून बटणापर्यंतची कुजकी वायर उपसून नवी ओढली, तेव्हा कुठं तो वाजला.

“लय बारीक. ओढ्यावरनं घरात ऐकू गेला पायजे.”

गुंडानं स्क्रू पिळला. “आवं भाऊसो, तुमच्या रस्त्याला मेंढरांबिगर कोण हाय? कुणाला एवढा डामडौल दावायचा?”

भाऊसोंनी आवाज खाली आणला. “पोरगं लढाईवर गेलंय. सून माझ्या माघारी पेपरात तिकडची बातमी हुडकती. मी अचानक दारात आलो की घाबरून पेपर लपवती.”

“मग खुशाल वाच म्हणा की तिला!”

“सासरा सुनंशी बोलतुय व्हय रं कुठं?”

हॉर्न पारखायला गुंडाही मोटारीत बसला. ओढ्यावर भाऊसोंनी बटण दाबलं, तशी बाभळीवरची सगळी पाखरं उडाली. काम फत्ते झालं, असं गुंडाला वाटलं. पण भाऊसोंनी मोटार तिथंच बंद केली आणि पानाची चंची सोडली.

“बस गड्या. तिची बातमी पुरी हुंदे.”